समोर असूनही न दिसणारा नेमबाज : छद्मावरणातील स्नायपर शोधणे इतके अवघड का?

कृष्णाकाठ (सातारा)

छद्मावरण करून दबा धरून बसलेला लष्करी स्नायपर शोधणे इतके अवघड का जाते, हा प्रश्न मी येथे मुद्दाम मांडत आहे. आपल्या जिल्ह्यात पायदळात नोकरी केलेले कोणी नाही असे गाव सापडणे कठीण, त्यामुळे याचे उत्तर पुस्तकापेक्षा येथेच अधिक चांगले मिळेल, असे मला वाटते.

बर्लिनचे छायाचित्रकार सायमन मेन्नर यांनी जर्मन सैन्यातील स्नायपरांची एक छायाचित्रमालिका केली आहे. चित्रात गवताळ उतार, दगडांची रास किंवा झाडीची कड एवढेच दिसते. त्यातच कोठेतरी एक सैनिक कॅमेऱ्याकडे बंदूक रोखून पडलेला असतो. तो कोठे आहे हे कोणी बोट ठेवून दाखवले तरी पुष्कळांना तो दिसत नाही, आणि एकदा दिसला की मग मात्र नजर तेथून हलत नाही.

मी चित्रकला शिकवतो. माझ्या मते यात रंगाचा वाटा लोक समजतात त्याहून फार कमी आहे आणि कडांचा फार मोठा आहे. आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी होते ती तिच्या बाह्यरेषेमुळे. ती रेषा जागोजागी तोडली, तर रंग थोडा चुकला तरी आकृती हरवते. शिवाय प्रकाश वरून येत असल्यामुळे प्रत्येक घन वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची बाजू गडद दिसते, आणि त्या छायेवरूनच आपल्याला तिची गोलाई कळते. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिके असते ते ही छाया पुसून टाकण्यासाठी.

माझे प्रश्न दोन आहेत. छायाचित्रातला स्नायपर सापडत नाही, यावरून प्रत्यक्ष जमिनीवर काय होईल हे ठरवता येते का? आणि ज्यांना अशा नेमबाजाला शोधण्याचे शिक्षण मिळते, ते नेमके काय पाहतात?

---

यवतेश्वर (सातारा)

आपण दिलेल्या वर्णनावरून ती छायाचित्रे शोधून पाहिली. छायाचित्रकार महाशय एखाद्या चित्रात सैनिकाला बसवायलाच विसरले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

---

माजी सुभेदार (कोरेगाव)

मी पायदळातून निवृत्त झालो. पुढे जे लिहीत आहे ते एनसीसीच्या मुलांनाही शिकवले जाते, त्यामुळे ते येथे सांगण्यात काही गैर नाही.

आमच्याकडे या विषयाचा पहिलाच धडा 'चीजें क्यों नजर आती हैं' या नावाने शिकवतात. आकार, सावली, चमक, आकाशावर उठणारी बाह्यरेषा, दोन वस्तूंमधले सारखे अंतर आणि हालचाल, या कारणांनी वस्तू दिसते. चांगला स्नायपर यातले प्रत्येक कारण एकेक करून नाहीसे करतो. माणसाची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे डोके आणि खांदे यांची ठेवण, म्हणून घिली सूटवर, म्हणजे गवत आणि चिंध्या लावलेल्या लपण्याच्या पोशाखावर, सर्वांत जास्त काम त्या भागावर केलेले असते. या पोशाखाचा उगम स्कॉटलंडमधील शिकारी जंगलांच्या रखवालदारांकडे जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी, १९०० मध्ये लॉर्ड लोव्हट यांनी अशाच डोंगरी माणसांची तुकडी उभारली आणि तेथून ही विद्या ब्रिटिश सैन्यात शिरली.

पोशाख मात्र अर्धेच काम करतो, उरलेले अर्धे काम जागेची निवड करते. नवशिका सैनिक झुडपाच्या कडेला बसतो, आणि मुरलेला माणूस झुडपाच्या मागे काही पावले आत बसून पानांमधल्या लहानशा फटीतून पाहतो. शोधणाऱ्याची नजर पानांच्या पहिल्या थरावर आदळते आणि तेथेच थांबते. इमारतीतही तसेच आहे. जो खिडकीत दिसतो तो स्नायपर नव्हे. तो खोलीच्या आत, अंधारात, खिडकीपासून लांब बसलेला असतो. माळावरचे एकटे झाड, पडकी भिंत, ठळक दिसणारा खडक अशा जागा तो टाळतो, कारण शत्रूची दुर्बीण प्रथम तेथेच वळणार हे त्याला ठाऊक असते.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. स्नायपरांच्या शिक्षणात एक परीक्षा असते. शिकाऊ नेमबाजाने मोकळ्या रानातून सरपटत जाऊन निरीक्षकांपासून ठरावीक अंतरावर पोहोचायचे आणि न दिसता गोळी नसलेले, नुसता आवाज करणारे काडतूस उडवायचे. निरीक्षकांजवळ दुर्बिणी असतात, माणूस कोणत्या पट्ट्यात आहे हे त्यांना माहीत असते, आणि ते स्वतःही कसलेले स्नायपर असतात. त्यांच्या सांगण्यावरून मैदानात फिरणारा एक मदतनीस त्या नेमबाजाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहतो, आणि तरीही कित्येकदा निरीक्षकाला मदतनिसाच्या पायाजवळचा माणूस दिसत नाही. प्रत्यक्ष जमिनीवर काय होते, हे यावरून आपण ठरवावे.

---

दृष्टी (सांगली)

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. कृष्णाकाठ सरांनी कडांबद्दल लिहिले आहे ते योग्यच आहे, पण त्याआधी डोळ्याची एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी.

आपल्याला समोरचे सगळे दृश्य एकाच वेळी स्पष्ट दिसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी असलेल्या एका लहानशा खळग्यानेच बारीक तपशील दिसतो, आणि त्याच्या वाट्याला सुमारे २ अंशांचा कोन येतो. ३०० मीटर अंतरावर हा कोन साधारण १० मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. समोरचा डोंगरउतार २०० मीटर रुंद आणि ५० मीटर उंच असेल, तर तो नीट पाहायला शंभराहून अधिक वेळा नजर स्थिर करावी लागेल. सामान्य माणूस दहा-बारा ठिकाणी नजर टेकवतो आणि उरलेले दृश्य मेंदू अंदाजाने भरून काढतो. तो अंदाज गवताचा असेल तर तेथे गवतच दिसते.

दुसरी मर्यादा बारकाव्याची आहे. निरोगी डोळा साधारणपणे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा फरक ओळखतो. १०० मीटरवर हे सुमारे ३ सेंटिमीटर होतात आणि ६०० मीटरवर १७ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ६०० मीटरवर आडव्या पडलेल्या माणसाचे डोके नुसत्या डोळ्यांना एका ठिपक्याहून फारसे मोठे नसते. त्यावर चार गवताच्या काड्या लावल्या की शोधण्यासारखे काही उरत नाही. दुर्बिणीने बारकावा वाढतो, पण एका वेळी दिसणारा प्रदेश तितकाच आक्रसतो, आणि नजर टेकवण्याच्या जागांची संख्या आणखी वाढते.

नजरेच्या कडेचा भाग तपशिलात कच्चा असला तरी हालचाल टिपण्यात फार तरबेज असतो. म्हणूनच स्नायपर तासन्‌तास निश्चल राहतो, आणि हलायचेच झाले तर इतक्या संथपणे हलतो की डोळ्याला तो बदल जाणवत नाही.

---

माणदेशी (दहिवडी, सध्या पुणे)

सर्वांचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु ही चर्चा जुन्या काळातली वाटते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता आहे. माणसाचे शरीर उष्णता बाहेर टाकते आणि थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात ती उष्णता पाहतो. त्याला रंग, कडा, छाया यांच्याशी काही देणेघेणे नसते. गवताच्या काड्या लावलेला माणूस त्यात उजळ ठिपक्यासारखा चमकतो. युक्रेनच्या युद्धात तर ड्रोनवर असे कॅमेरे बसवून रात्रंदिवस वरून पाहणी चालते. शिवाय दुर्बिणीच्या भिंगावर लेसर टाकला की तो परत फिरून येतो आणि भिंगाची जागा कळते, अशी उपकरणेही आहेत. तेव्हा 'अवघड' हा शब्द आता सैल पडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

माजी सुभेदार (कोरेगाव)

माणदेशी, यंत्राची ताकद मी नाकारत नाही. ड्रोनमुळे स्नायपरचे जिणे पूर्वीपेक्षा फार कठीण झाले आहे, कारण त्याने आजवर समोरच्या डोळ्यांपासून लपण्याची विद्या शिकली होती आणि आता डोळा डोक्यावर आला आहे. पण यंत्र हाती आले म्हणजे माणूस दिसलाच, असे होत नाही.

आपल्याच मुलखाचे पाहा. सह्याद्रीचा काळा पाषाण एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापतो आणि सूर्य बुडाल्यावरही कितीतरी वेळ ऊब धरून राहतो. अशा वेळी खडकाळ उतारावर थर्मल कॅमेरा लावला तर प्रत्येक धोंडा उजळ दिसतो. सकाळी आणि संध्याकाळी अशी एक वेळ येते की अंगाचे आणि भोवतालच्या जमिनीचे तापमान जवळजवळ सारखे होते आणि चित्रातला फरकच पुसला जातो. दाट पाने, मातीचा बांध, साधी काचसुद्धा या किरणांना अडवते. उष्णता दडवणाऱ्या जाळ्या आता सैन्यांकडे असतात. भिंगाची चमक टाळण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी बसवतात.

आणि समजा पडद्यावर उजळ ठिपका आलाच, तर तो माणूस आहे, रानडुक्कर आहे की उन्हात तापलेला दगड आहे, हे शेवटी पाहणाऱ्यानेच ठरवायचे असते.

---

माणदेशी (दहिवडी, सध्या पुणे)

सुभेदार साहेब, तापमान सारखे होण्याची वेळ अल्पकाळ टिकते आणि ड्रोन पुन्हा पुन्हा येऊ शकतो, हा माझा मुद्दा मी सोडत नाही. माणसाला आठ-दहा तास एका जागी पडून राहावे लागते, आणि त्यात ती सोयीची वेळ किती असणार?

कपड्यांबद्दल मात्र आपल्या बाजूने बळ देणारी एक गोष्ट सांगतो. हिरवी पाने दृश्य प्रकाशात हिरवी दिसत असली, तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दृश्य प्रकाशाला अगदी जवळचा जो पट्टा आहे तो ती मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. साध्या हिरव्या रंगाचे कापड तसे करीलच असे नाही. म्हणून दिवसा झाडीत बेमालूम मिसळणारा माणूस हा प्रकाश टिपणाऱ्या रात्रीच्या दुर्बिणीत काळ्या डागासारखा उठून दिसू शकतो. लष्करी कापडाचे रंग त्यामुळे विशेष प्रकारचे असतात. कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून काही धुण्याच्या पावडरीत जी द्रव्ये घालतात ती या कापडाला चालत नाहीत, कारण ती अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. सैनिकांना अशी पावडर टाळायला सांगतात ती यासाठीच.

---

कृष्णाकाठ (सातारा)

माणदेशी यांच्या या माहितीला जोडून थोडे लिहितो. आपल्या भूदलाचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी सैन्यदिनी प्रथम दिसला. त्यावरची चौकटी-चौकटींची नक्षी मी बारकाईने पाहिली. अशा नक्षीत दोन मापांचे काम एकाच वेळी चालते. दुरून पाहिले की लहान चौकटी एकमेकींत विरघळून मोठे डाग तयार होतात, आणि ते शरीराची बाह्यरेषा तोडतात. जवळून पाहिले की लहान चौकटी पानापाचोळ्याच्या पोताशी मिसळतात. जुन्या मोठ्या डागांच्या नक्षीत पहिले काम चांगले होत असे, दुसरे तितके होत नसे.

---

रातवा (सातारा)

मी बरीच वर्षे माळरानावरचे पक्षी पाहतो, आणि माझे टोपणनाव ज्या पक्ष्यावरून घेतले आहे तोच या विषयातला माझा गुरू आहे. रातवा दिवसा उघड्या जमिनीवर, पाचोळ्यात किंवा खडकावर बसून असतो. कोणतेही घरटे नाही, आडोसा नाही. पाऊल अगदी शेजारी पडेपर्यंत तो उडत नाही आणि तोवर दिसतही नाही. त्याला शोधण्याची जी रीत मला उपयोगी पडली ती सांगतो. पक्ष्याचे चित्र डोक्यात धरून शोधले की तो हाती लागत नाही. त्याचा फक्त डोळ्याचा बंद कोपरा किंवा शेपटीची सरळ कड शोधली की अचानक उरलेला पक्षी तिच्याभोवती जुळून येतो. म्हणजे संपूर्ण वस्तूऐवजी तिचा एखादा लपवता न येणारा तुकडा शोधावा. टिटवीची अंडी शोधतानाही हेच होते, आणि एक अंडे दिसले की बाकीची लगेच दिसतात.

दुसरा मुद्दा पक्ष्यांच्या साक्षीचा. टिटवी माणसाला पाहून आकांत करते, सातभाई गलका करतात, आणि उतारावरचा एखादा चंडोल नेहमीच्या जागी न बसता वळसा घालून पुढे जातो. स्नायपर शांत पडून राहिला तर काही वेळाने पाखरे निवळतात, परंतु तो तेथे येताना त्यांना चुकवू शकत नाही. जो पहाटेपासून ऐकत बसला आहे, त्याला हे कळते.

ऋतूचाही विचार व्हावा. सप्टेंबरमध्ये कासच्या सड्यावर जो पोशाख चपखल बसेल तो जानेवारीत, कुसळे पिवळी पडल्यावर, लांबून ओळखू येईल. आणि कासहून खाली उतरू लागले की जांभ्याचा लालसर सडा, मग वाळलेल्या गवताचा उतार, मग करवंदीच्या जाळ्या असे रंग थोड्या अंतरात बदलत जातात. सरपटत जाणाऱ्याने एकाच वेषात हे तीनही पट्टे कसे ओलांडावेत?

---

माजी सुभेदार (कोरेगाव)

रातवा, वेषात बदल करत जायचे असते. सूटमध्ये ताग आणि कापडाचा पाया असतो, त्यावर ज्या जमिनीत आहोत तेथलेच गवत खोवायचे आणि जमीन बदलली की तेही बदलायचे. येथेच पुष्कळ जण पकडले जातात. तोडलेले पान आपल्याकडच्या उन्हात लवकर मान टाकते आणि उलटे झाले की त्याची फिकी बाजू वर येते. हिरव्या झुडपात एकच फांदी मलूल दिसली, तर तेथे दुर्बीण रोखावी. गवत एकाच ठिकाणाहून कापलेले दिसले तरी तेच. सरपटत गेलेल्या वाटेवर गवत एका दिशेला झोपलेले असते आणि सकाळच्या दवात ती वाट गडद पट्ट्यासारखी दिसते.

---

मिरजकर (मिरज)

या विषयाला इतिहासाची बाजू आहे, आणि ती मराठी माणसाला परकी नाही.

पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे त्या वेढ्यात अडकल्या. टायग्रिस नदीच्या पलीकडच्या तीरावरून तुर्की नेमबाज नदीवर पाणी भरायला जाणाऱ्यांना टिपत असत. फ्रान्सच्या आघाडीवर याच सुमारास ब्रिटिशांच्या मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी लपलेला नेमबाज शोधण्याची एक पद्धत रूढ केली. कागदाच्या लगद्याचे हुबेहूब माणसाचे डोके खंदकाच्या वर हळूच उचलायचे. शत्रूने गोळी मारली की डोक्याला पुढे आणि मागे अशी दोन भोके पडतात. ते डोके त्याच खोबणीत खाली घ्यायचे आणि त्या दोन भोकांच्या रेषेत पेरिस्कोप लावून पाहायचे. गोळी ज्या जागेवरून आली ती जागा नेमकी समोर येते. डोळ्याला न दिसणारा माणूस अशा प्रकारे त्याच्याच गोळीकडून शोधून काढला जाई.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण फिनलंडच्या सिमो हायहा यांचे. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात त्यांच्या नावावर पाचशेहून अधिक शत्रुसैनिक नोंदले गेले. त्यांनी बंदुकीवर दुर्बीण लावली नाही. दुर्बिणीतून पाहण्यासाठी डोके थोडे वर उचलावे लागते आणि भिंग उन्हात चमकते, ही त्यामागची कारणे. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून ते तोंडात बर्फ धरत, आणि गोळी सुटताना बर्फ उडू नये म्हणून नळीसमोरचा बर्फ दाबून घट्ट करत.

आणि नाईक यशवंत घाडगे यांचा उल्लेख येथे व्हायलाच हवा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली, एकाला गोळीने टिपले आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. मोर्चा हाती आला, त्यानंतर लपलेल्या शत्रू स्नायपरांनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोरचा शत्रू दिसत होता म्हणून त्यांनी तो मोडला. न दिसणाऱ्या शत्रूपुढे इतके शौर्यही अपुरे पडले, याची मला फार खंत वाटते.

---

अपशिंगेकर (अपशिंगे मिलिटरी)

मिरजकर, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आमच्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, त्यांचे स्मारक गावात आहे. त्यांतले किती जण समोरासमोर पडले आणि किती जण न दिसणाऱ्या बंदुकीने, हा प्रश्न आजपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता.

---

शिराळकर (शिराळा)

उसात बिबट्या शिरल्यावर त्याला शोधणाऱ्यांचे जे होते ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. मला एक वेगळाच प्रश्न आहे. माझ्या धाकट्या भावाला लाल-हिरव्या रंगातला फरक कळत नाही, आणि त्यामुळे त्याला सैन्यात घेतले नाही. पण झाडीत दडलेला ससा किंवा घोरपड आम्हा सगळ्यांच्या आधी तोच दाखवतो. हा योगायोग आहे, की यामागे काही शास्त्र आहे?

---

दृष्टी (सांगली)

शिराळकर दादा, यामागे शास्त्र आहे. १९९२ मध्ये ब्रिटिश संशोधकांचा या विषयावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रातल्या एका भागाचा पोत वेगळा ठेवला होता, परंतु सगळ्या चित्रभर लाल आणि हिरवे ठिपके विस्कळीत पसरून तो फरक झाकला होता. सामान्य दृष्टीच्या माणसांचे लक्ष रंगांकडे गेले आणि पोतातला फरक त्यांच्या हातून सुटला. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही त्यांना मात्र तो भाग सापडला, कारण त्यांना भुलवणारा रंग त्यांच्यापुरता नव्हताच. याचा अर्थ ते सर्वच प्रकारचे छद्मावरण ओळखतात असा मात्र नाही. जेथे रंगानेच फसवणूक केली आहे तेथे त्यांना फायदा होतो, आणि जेथे रंगातल्या चुकीवरूनच माणूस ओळखू येणार आहे तेथे त्यांचा तोटा होतो.

---

प्रतिध्वनी (कऱ्हाड)

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. स्नायपरने एक गोळी झाडली, तर आवाजावरून तो सापडायला हवा असे कोणालाही वाटेल. तसे का होत नाही, ते लिहितो.

गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो. ड्रॅगुनोव्ह रायफलची ७.६२ मिलिमीटरची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८३० मीटर वेगाने निघते, तर हवेत ध्वनीचा वेग ३४० मीटरच्या आसपास असतो. अशी गोळी आपल्याबरोबर एक शंकूच्या आकाराची धक्कालहर ओढत नेते. ती आपल्या कानावरून गेली की चाबकासारखा कडाका ऐकू येतो. हा कडाका गोळीच्या मार्गावरच्या आपल्याजवळच्या एखाद्या बिंदूतून आलेला असतो, बंदुकीकडून नव्हे, त्यामुळे माणूस भलत्याच बाजूला पाहतो. बंदुकीचा खरा, जड आवाज त्यानंतर येतो. ६०० मीटरवरून झाडलेली गोळी साधारण एका सेकंदात पोहोचते आणि आवाजाला पावणेदोन सेकंद लागतात. हे मधले पाऊण सेकंदाचे अंतर ज्याला मोजता येते त्याला नेमबाज किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि दिशा दुसऱ्या आवाजावरून घ्यायची असते. इराकच्या युद्धात अमेरिकनांनी गाड्यांवर अनेक मायक्रोफोन बसवून हेच गणित यंत्राकडून करवून घेतले.

आपल्या खोऱ्यांत मात्र प्रतिध्वनी सगळे बिघडवतो. कोयनेच्या खोऱ्यात साधा फटाका वाजला तरी तो तीन बाजूंनी ऐकू येतो.

---

यवतेश्वर (सातारा)

म्हणजे दिसतही नाही आणि ऐकूही भलतीकडून येते. मग मूळ प्रश्नाकडे येऊ. कृष्णाकाठ सरांनी विचारले होते की छायाचित्रावरून काही ठरवता येते का. माझे मत असे की छायाचित्र ही अन्यायकारक परीक्षा आहे. प्रत्यक्षात आपण दोन पावले बाजूला सरकलो की जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींसापेक्ष हलतात, वाऱ्यात गवत डोलते आणि गवताचा वेष घेतलेला माणूस तसा डोलत नाही, सूर्य सरकतो तशा सावल्या बदलतात. सपाट, गोठलेल्या चित्रात यातले काहीच नसते.

---

माजी सुभेदार (कोरेगाव)

यवतेश्वर, आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत, आणि वाऱ्याची तर फार उपयोगाची आहे. पण माझा निष्कर्ष आपल्या उलट आहे. छायाचित्र पाहताना आपल्याला ठाऊक असते की यात एक माणूस नक्की आहे, तो याच चौकटीत आहे, आणि आपल्याकडे हवा तेवढा वेळ आहे. चहा घेत पाहिले तरी चालते. सीमेवरच्या सैनिकाला यांपैकी एकही गोष्ट ठाऊक नसते. समोर कदाचित कोणीच नाही. आठ दिवस कोणीच नसते, आणि नवव्या दिवशी तीच टेकडी, तेच दगड पाहताना डोळे उघडे असूनही मन पाहणे सोडून देते. स्नायपर त्या नवव्या दिवसाची वाट पाहत असतो. पाहणाऱ्याचा कंटाळा हा त्याचा सर्वांत मोठा आडोसा आहे.

म्हणून पाहणीला शिस्त लावतात. जमिनीचे जवळची, मधली आणि लांबची असे पट्टे पाडायचे. प्रथम जवळचा पट्टा पाहायचा, कारण धोका तेथे जास्त. काही सैन्यांत नजर उजवीकडून डावीकडे न्यायला शिकवतात. आपण वाचतो डावीकडून उजवीकडे, त्या दिशेने डोळा सवयीने घसरत जातो, आणि उलट दिशेने नेला की अडखळत, थांबत जातो. ते अडखळणेच हवे असते. पाळी लहान ठेवायची आणि पाहणारा वरचेवर बदलायचा.

---

रातवा (सातारा)

सुभेदार साहेबांच्या मताला बळ देणारे एक उदाहरण आठवले. १९९९ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला बटालिक भागातल्या गारखोन गावचे ताशी नामग्याल आपला याक शोधत होते, तेव्हा दुर्बिणीतून त्यांना डोंगरावर अनोळखी माणसे दिसली. त्यांनी ते सैन्याला कळवले आणि कारगिलची घुसखोरी उघडकीस यायला सुरुवात झाली. ती माणसे स्नायपर नव्हती आणि हालचालही करत होती, हे मान्य. पण तो डोंगर रोज पाहणाऱ्या मेंढपाळाला तेथे काय असते आणि काय नसते हे पाठ होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माण-खटावच्या माळावरच्या धनगरालाही आपल्या टापूतला हललेला दगड कळतो.

---

माणदेशी (दहिवडी, सध्या पुणे)

रातवा, हे मला पूर्ण पटते, आणि माझ्या क्षेत्रातही तसेच करतात. यंत्राला कालचे चित्र आणि आजचे चित्र देऊन फक्त फरक दाखवायला सांगतात. माणूस शोधण्यापेक्षा बदल शोधणे संगणकालाही सोपे जाते.

---

कृष्णाकाठ (सातारा)

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकाराला येत आहे. शिकलेला डोळा समोरच्या जमिनीची तुलना तिच्याच आधीच्या रूपाशी करतो. मग मला चित्रकार म्हणून एक विचारायचे आहे. मनुष्याची स्मृती अशा तुलनेला पुरत नाही, हे वर्गात रोज दिसते. मुलांसमोर मांडलेल्या वस्तूंपैकी एक थोडी सरकवली तर ती कोणालाच कळत नाही, परंतु ज्याने ती मांडणी कागदावर उतरवली आहे त्याला लगेच कळते. सैन्यात अशी चित्रे काढतात का?

---

माजी सुभेदार (कोरेगाव)

सर, काढतात, आणि स्नायपरच्या शिक्षणाचा तो आवश्यक भाग आहे. छायाचित्र हाताशी असले तरी हाताने काढलेल्या आराखड्याला महत्त्व आहे, कारण काढताना प्रत्येक दगडाकडे पाहावेच लागते. शिकाऊ जवानांच्या स्मरणशक्तीच्या परीक्षाही घेतात. चादरीवर बारीकसारीक वस्तू मांडून थोडा वेळ दाखवतात आणि पुष्कळ वेळाने त्यांचे वर्णन लिहायला सांगतात.

---

कृष्णाकाठ (सातारा)

हे ऐकून फार आनंद झाला. आमच्या शाळेतल्या मुलांना अजिंक्यताऱ्याच्या उताराचे असे चित्र काढायला द्यावे, असा विचार आहे. सुरुवात कोठून करावी, एवढे कृपया सांगा.

---

माजी सुभेदार (कोरेगाव)

प्रथम डोंगराची आकाशावरची रेषा काढून घ्यावी, कारण ती बदलत नाही. मग वाटा, ओढे, तटाची कड अशा मोठ्या रेषा. त्यानंतर दुरून ओळखता येतील अशा चार-पाच ठळक खुणा ठरवून त्यांना क्रमांक द्यावेत आणि बाकीच्या वस्तूंची जागा त्या खुणांपासून मोजावी. छाया रंगवत बसू नये, मात्र जेथे गडद पोकळी आहे, म्हणजे झुडपाखाली किंवा खडकाच्या कपारीत, तेथे खूण करावी. कोपऱ्यात तारीख, वेळ, बसण्याची नेमकी जागा, दिशा आणि सूर्य कोणत्या बाजूला आहे हे लिहायला लावावे. त्याच जागी, त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी बसवावे, नाहीतर सावल्यांचाच फरक मुले लिहून आणतील. आणि त्या दिवशी सकाळी आपण गुपचूप जाऊन उतारावरच्या दोन-तीन वाळक्या फांद्यांची जागा बदलून ठेवावी. मुलांना ते आधी सांगू नये.